नितंबसंधी दुर्विकसन : संधिदर्शक शस्त्रक्रिया व तिचे फलित

खुब्याच्या सांध्यातील (नितंबसंधीतील) खोबण जन्मतः किंवा वाढीच्या वयात पुरेशी खोल न झाल्यामुळे मांडीच्या हाडाच्या गोलाकार टोकावर तिचे पूर्ण आच्छादन पडत नाही. या विकृतीला नितंबसंधीचे दुर्विकसन म्हणतात. त्वचेवर लहान छेद घेऊन त्यांतून बारीक दुर्बीण व उपकरणे सांध्यात घालून करावयाच्या शस्त्रक्रियेला संधिदर्शक शस्त्रक्रिया अशी संज्ञा असून व्यवहारात ती ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते. गुडघा व खांदा यांच्या विकारांत ही पद्धत रुळल्यानंतर खुब्याच्या सांध्यासाठीही ती वापरात आली. दुर्विकसित सांध्यात मात्र तिचे फलित एकसारखे नसते. खोबणीचा उथळपणा सौम्य असलेल्या निवडक रुग्णांना तिच्यामुळे चांगला आराम पडतो. उथळपणा स्पष्ट असल्यास ती अपयशी ठरण्याचा आणि काही वेळा सांध्याची झीज वेगाने वाढण्याचा संभव असतो. या फरकाचे मूळ सांध्याच्या रचनेत आहे.

रचना व विकृती : नितंबसंधी हा उखळीचा सांधा आहे. श्रोणीच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत (उलूखलात) मांडीच्या हाडाचे म्हणजे ऊर्वस्थीचे गोल शीर्ष बसलेले असते. दोन्ही पृष्ठभागांवर गुळगुळीत उपास्थीचे आवरण असते. उलूखलाच्या कडेभोवती तंतुमय उपास्थीची एक लवचिक कड असते, तिला उलूखल-ओष्ठ म्हणतात. ही कड खोबणीची खोली वाढविते आणि सांध्यातील वंगणद्रव आत कोंडून ठेवून शीर्षाला जागी धरून ठेवण्यास मदत करते. सांध्याभोवती संधिकोशाचे जाड वेष्टन असून त्याच्या पुढील बाजूस शरीरातील सर्वांत बळकट समजला जाणारा श्रोणी-ऊर्वस्थी अस्थिबंध असतो.

चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. निरोगी सांध्यात हा भार उलूखलाच्या रुंद छतावर पसरतो. दुर्विकसनात छत अपुरे व तिरपे असते. त्यामुळे तोच भार लहान क्षेत्रावर केंद्रित होतो आणि शीर्ष पुढे व बाहेर सरकू पाहते. हाडाने करावयाचे काम मग ओष्ठाला करावे लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगणकीय प्रतिकृतींच्या साहाय्याने हा भार मोजण्यात आला. निरोगी सांध्यात एकूण भारापैकी सु. १ ते २ टक्के, तर दुर्विकसित सांध्यात ४ ते ११ टक्के भार ओष्ठावर पडत असल्याचे त्यात आढळले. या जादा कामामुळे ओष्ठ प्रथम जाड होतो, नंतर हाडापासून सुटू लागतो व शेवटी फाटतो. त्यालगतची उपास्थीही सोलवटते आणि कालांतराने अपकर्षी संधिशोथ (झिजेचा संधिवात) उद्भवतो. अशा सांध्यात ओष्ठाची फाट हा मूळ रोग नसून त्याचा परिणाम असतो, ही गोष्ट उपचारांचा विचार करताना महत्त्वाची ठरते.

कारणे : मुलींमध्ये, पायाळू अर्भकांत, पहिल्या अपत्यांत आणि कुटुंबात हा विकार पूर्वी झालेला असल्यास दुर्विकसनाचे प्रमाण अधिक आढळते. जन्मानंतर अर्भकाचे पाय सरळ व एकमेकांजवळ आवळून बांधण्याची प्रथाही त्याला पोषक ठरते. जपानमध्ये अशा पद्धतीने लंगोट व वेष्टने बांधू नयेत यासाठी १९७५ च्या सुमारास मोहीम सुरू झाली. त्यानंतर तेथील जन्मजात स्थानभ्रंशाचे १.१ ते ३.५ टक्के असलेले प्रमाण ०.२ टक्क्यांच्या खाली आले. याउलट मूल कडेवर घेण्याच्या, आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या रीतीत मांड्या फाकलेल्या व वाकलेल्या राहतात. या स्थितीत शीर्ष उलूखलात नीट बसते आणि उलूखलाच्या वाढीला योग्य आकार मिळतो.

निदान : नवजात अर्भकात इटालियन बालरोगतज्ञ मारीनो ऑर्तोलानी यांनी १९३७ मध्ये वर्णिलेली आणि इंग्लंडमधील टी. जी. बार्लो यांनी १९६२ मध्ये सुचविलेली हस्तपरीक्षा करतात. ऑस्ट्रियातील राइनहार्ट ग्राफ यांनी १९८० मध्ये श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने अर्भकाचा सांधा पाहण्याची पद्धत प्रचारात आणली. या परीक्षांनी विकार लवकर ओळखला गेल्यास पट्ट्यांच्या साध्या साधनाने मांड्या फाकलेल्या ठेवून तो बहुधा बरा करता येतो.

सौम्य दुर्विकसन मात्र बालपणी लक्षात येत नाही. मूल वेळेवर चालू लागते, धावते, खेळते. विशी-तिशीत, बहुधा स्त्रियांना, जांघेत दुखू लागते. जास्त चालल्यावर किंवा उभे राहिल्यावर वेदना वाढते, सांध्यात अडकल्यासारखे वा कट्‌ आवाज झाल्यासारखे वाटते आणि थकल्यावर चाल किंचित लंगडी होते. कंबरेचे दुखणे समजून अनेक महिने निरनिराळे उपचार केले गेल्यानंतर निदान होणे असामान्य नाही.

निदानाचा मुख्य आधार म्हणजे उभ्या स्थितीत घेतलेले श्रोणीचे क्ष-किरण चित्र होय. स्वीडिश शस्त्रक्रियाविशारद गुन्नार विबेरी यांनी १९३९ मध्ये सुचविलेला केंद्र-कड कोन त्यावर मोजतात. शीर्षाच्या केंद्रातून जाणारी उभी रेषा आणि त्याच केंद्रापासून उलूखलाच्या बाहेरील कडेपर्यंत जाणारी रेषा यांमधील हा कोन आहे. तो २५ अंशांहून अधिक असल्यास आच्छादन पुरेसे व २० अंशांहून कमी असल्यास दुर्विकसन आहे असे समजतात. मधल्या अवस्थेस सीमावर्ती दुर्विकसन म्हणतात. काही विशारद तिची खालची मर्यादा १८ अंश धरतात. छताचा तिरपेपणा जर्मन विशारद डीट्रिख ट्यॉनिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोनाने मोजतात. हा कोन सर्वसाधारणपणे १० अंशांपर्यंत असतो. ऊर्वस्थीच्या मानेची आतील कड व श्रोणीतील छिद्राची वरची कड मिळून होणारी शेन्टन रेषा अखंड आहे की तुटलेली, हेही पाहतात. ती तुटलेली असल्यास शीर्ष जागेवरून सरकू लागले आहे असे समजावे. एमआरआय या नावाने रूढ असलेल्या चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने ओष्ठ व उपास्थी यांची स्थिती कळते. त्यात ओष्ठाची फाट ठळक दिसत असल्यामुळे तीच दुखण्याचे संपूर्ण कारण समजली जाण्याचा धोका असतो. म्हणून कोनांची मोजणी केल्याविना केवळ या चित्रणावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नसते.

इतिहास : न्यूयॉर्क येथील मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृत शरीरांच्या सांध्यांत दुर्बीण घालून केलेल्या निरीक्षणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात नितंबसंधीचाही समावेश होता. परंतु शीर्ष व उलूखल यांच्यामध्ये सुई शिरविणे अशक्य आहे, असे त्यांचे मत झाले. जपानमधील केन्जी ताकागी यांनी १९३९ मध्ये जिवंत रुग्णांच्या नितंबसंधीतील निरीक्षणे नोंदविली. त्यानंतर दीर्घ काळ या क्षेत्रात फारशी प्रगती झाली नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड ग्रॉस यांनी लहान मुलांच्या नितंबसंधीच्या विकारांत या तंत्राचा उपयोग केल्याचे नमूद केले. पायाला ताण देऊन सांधा फाकविण्याचे तंत्र आणि लांब उपकरणे उपलब्ध झाल्यावर १९८० नंतरच्या दशकात ही शस्त्रक्रिया व्यवहार्य बनली. स्वित्झर्लंडमधील राइनहोल्ट गांझ व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये हाडावर हाड अडल्यामुळे होणाऱ्या अस्थिघर्षाचे विवेचन केल्यानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. अस्थिघर्षात हाडाचा जादा भाग तासून काढावयाचा असतो आणि ते काम दुर्बिणीतून चांगले साधते. दुर्विकसनात हाड जादा नसून कमी असते. एका विकारात यशस्वी ठरलेले साधन दुसऱ्यात तितकेच उपयोगी पडेल की नाही, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

शस्त्रक्रियेची पद्धत : रुग्णास संवेदनाहारक देऊन विशिष्ट मेजावर निजवितात व पायाला ताण देतात. ताणामुळे शीर्ष व उलूखल यांत सु. १ सेंमी. अंतर पडते. क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली सु. १ सेंमी. लांबीच्या दोन किंवा तीन छेदांतून दुर्बीण व उपकरणे आत घालतात आणि लवणद्रावाचा प्रवाह चालू ठेवून सांध्याचे अंतरंग पडद्यावर पाहतात. फाटलेला ओष्ठ पूर्वी छाटून टाकीत. आता शक्य असेल तेथे हाडात बसविलेल्या बारीक खिळ्यांच्या व धाग्यांच्या साहाय्याने तो पुन्हा जोडतात. सांध्यात फिरण्यास वाव मिळावा म्हणून संधिकोश कापावा लागतो. शेवटी तो शिवून बंद करणे, आणि सैल असल्यास चुणी घालून आवळणे, हा दुर्विकसित सांध्यातील शस्त्रक्रियेचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

फलिताचे मापन : विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये तयार केलेली १०० गुणांची श्रेणी, किंवा तिचे सुधारित रूप, यासाठी वापरतात. तीत वेदना, चालण्याची क्षमता व दैनंदिन हालचाली यांना गुण दिले जातात. याखेरीज पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली काय, सांधा बदलावा लागला काय व क्ष-किरण चित्रात झीज वाढली काय, हेही पाहतात. उपलब्ध निरीक्षणांपैकी बरीचशी एकेका केंद्रातील रुग्णांच्या लहान गटांवर आधारलेली असून अनेक अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुर्विकसनाची व्याख्याही सर्वत्र एकच नव्हती. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या निष्कर्षांचा अर्थ लावताना या मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात.

अमेरिकेतील टॉमस बर्ड व के. जोन्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४८ रुग्णांच्या वृत्तांतात फलित आशादायक होते. दुर्विकसन असलेल्यांनाही इतर रुग्णांसारखाच लाभ झाल्याचे त्यांनी नोंदविले. परंतु या गटात सीमावर्ती दुर्विकसनाच्या रुग्णांचा मोठा भरणा होता. याउलट जावाद परवीझी व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये दिलेला इशारा गंभीर होता. ओष्ठाच्या फाटीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या ३४ दुर्विकसित रुग्णांपैकी २४ जणांची वेदना शमली नाही. १४ सांध्यांत झीज वेगाने वाढली, १३ सांध्यांत शीर्ष जागेवरून सरकले आणि १६ रुग्णांना पुढे आणखी शस्त्रक्रिया करावी लागली. याच सुमारास, संधिकोश वा ओष्ठ काढून टाकल्यानंतर सांधा अंशतः किंवा पूर्णतः निखळल्याची उदाहरणेही प्रसिद्ध झाली.

या अपयशांचे कारण सांध्याच्या यंत्रणेत सापडते. उथळ उलूखलात शीर्षाला जागी ठेवण्याचे काम ओष्ठ, संधिकोश व पुढील अस्थिबंध यांच्यावर अवलंबून असते. ओष्ठ छाटल्यास किंवा कापलेला संधिकोश तसाच उघडा ठेवल्यास सांध्याचे उरलेसुरले आधारच काढून घेतल्यासारखे होते. ओष्ठ नीट जोडला, तरी अपुऱ्या छतामुळे त्यावर पूर्वीइतकाच भार येत राहतो व तो पुन्हा फाटण्याचा संभव असतो. भिंत कलल्यामुळे गिलाव्याला गेलेला तडा केवळ लिंपून बुजविण्यासारखाच हा प्रकार होय.

या अनुभवानंतर तंत्रात बदल झाले. बेंजामिन डोम व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये केंद्र-कड कोन १८ ते २५ अंश असलेल्या व चाळिशीच्या आतील रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ओष्ठ राखून व संधिकोश आवळून शस्त्रक्रिया केल्यास दोन वर्षांनंतर २२ पैकी १७ रुग्णांत, म्हणजे सु. ७७ टक्क्यांत, फलित चांगले वा उत्तम होते. सौम्य उथळपणा, तरुण वय, शाबूत उपास्थी आणि आधारक ऊतकांचे जतन या गोष्टी जुळून आल्यास संधिदर्शक शस्त्रक्रियेला स्थान आहे, हे यावरून स्पष्ट झाले. मात्र दोन वर्षांचा आराम हा सांधा आयुष्यभर टिकण्याचा पुरावा नव्हे.

दुर्विकसन हेच नितंबसंधीच्या झिजेचे प्रमुख कारण असलेल्या जपानमध्ये सोशी उचिदा व त्यांचे सहकारी यांनी अपयशाची पूर्वचिन्हे शोधली. शेन्टन रेषा तुटलेली असणे, झीज आधीच सुरू झालेली असणे, छताचा तिरपेपणा अधिक असणे आणि वय चाळिशीपलीकडे असणे ही त्यांतील महत्त्वाची होत. ही चिन्हे शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत ओळखता येत असल्यामुळे त्यांचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. याच गटाने दुर्बिणीतूनच हाडाचा तुकडा बसवून छताची रुंदी वाढविण्याचे तंत्रही २०१४ मध्ये वर्णिले.

अस्थिछेदनाशी तुलना : मूळ दोष दूर करणारी शस्त्रक्रिया म्हणजे परिउलूखल अस्थिछेदन होय. गांझ यांनी ती बर्न येथे १९८४ मध्ये सुरू केली व १९८८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत उलूखलाभोवतीचे हाड कापून मोकळे करतात, ते शीर्षावर योग्य आच्छादन येईल असे फिरवितात आणि स्क्रूंनी पक्के करतात. श्रोणीचा मागचा स्तंभ अखंड राहत असल्यामुळे तिचे स्थैर्य टिकते. हाडांची वाढ पूर्ण झालेल्या, परंतु सांधा फारसा न झिजलेल्या तरुण रुग्णांत ही शस्त्रक्रिया करतात. ती मोठी व कठीण आहे. कित्येक आठवडे कुबड्या वापराव्या लागतात व पूर्ववत होण्यास अनेक महिने लागतात.

बर्नमधील पहिल्या ७५ सांध्यांचा पाठपुरावा दीर्घ काळ झाला. सु. वीस वर्षांनंतर ६० टक्के मूळ सांधे टिकून होते. तीस वर्षांनंतर, सांधा बदलावा न लागता, झीज न वाढता व त्रास पुन्हा न उद्भवता राहिलेल्या सांध्यांचे प्रमाण २९ टक्के होते. या गटात झीज आधीच झालेले आणि वयाने मोठे असे रुग्णही होते. योग्य वेळी शस्त्रक्रिया झालेल्यांत फलित अधिक चांगले असल्याचे दिसून आले. संधिदर्शक शस्त्रक्रियेसाठी इतक्या दीर्घ मुदतीची निरीक्षणे उपलब्ध नाहीत.

दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र किंवा पाठोपाठही करतात. दुर्बिणीतून ओष्ठ व उपास्थी यांची डागडुजी करून नंतर अस्थिछेदन केल्यास दोष व त्याचा परिणाम या दोहोंवर उपचार होतो. प्रत्येक रुग्णात अशी जोड आवश्यक आहे काय, याविषयी विशारदांत मतभेद आहेत. दुर्बिणीची शस्त्रक्रिया अपयशी ठरलेल्या रुग्णांतही नंतर अस्थिछेदन करता येते व अल्प मुदतीत त्याचा गुण येतो, असे २०११ मधील एका अमेरिकन अभ्यासात आढळले. परंतु दरम्यानच्या काळात उपास्थी फार झिजल्यास ही संधी निघून जाते आणि संपूर्ण सांधा बदलण्यावाचून पर्याय उरत नाही. तरुण वयात बसविलेला कृत्रिम सांधा आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता अधिक असते.

उपद्रव : पायाला दिलेल्या ताणामुळे जननेंद्रियाजवळील व मांडीच्या बाहेरील बाजूच्या तंत्रिका (मज्जातंतू) दबून बधिरता येते, ती बहुधा तात्पुरती असते. म्हणून ताणाचा अवधी दोन तासांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करतात. उपकरणांनी उपास्थीला ओरखडे पडणे, लवणद्राव आजूबाजूच्या ऊतकांत पाझरणे, रक्ताची गुठळी होणे व जंतुसंसर्ग हे इतर उपद्रव होत. दुर्विकसित सांध्यातील सर्वांत गंभीर उपद्रव म्हणजे शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारी सांध्याची अस्थिरता होय.

उपचाराची निवड : वेदना सुरू झाल्यावर प्रथम खुब्याभोवतीच्या स्नायूंचे बळ वाढविणारे व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि श्रमांत योग्य बदल हे उपाय योजतात. त्यांनी आराम न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. लहान छेद, रुग्णालयातील अल्प मुक्काम व कामावर लवकर परतण्याची शक्यता यांमुळे रुग्णाचा ओढा साहजिकच दुर्बिणीकडे असतो. नोकरी, घरसंसार व लहान मुले सांभाळणाऱ्या तरुण स्त्रीला अनेक महिन्यांची सक्तीची विश्रांती परवडत नाही, हेही खरे आहे. तथापि छेदाचा आकार हे उपचाराच्या योग्यतेचे गमक नव्हे. केंद्र-कड कोन सीमावर्ती मर्यादेत, शेन्टन रेषा अखंड व उपास्थी शाबूत असताना ओष्ठाच्या फाटीमुळे त्रास होत असल्यास संधिदर्शक शस्त्रक्रिया उचित ठरू शकते. कोन स्पष्टपणे कमी असल्यास किंवा शीर्ष सरकू लागले असल्यास केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. अशा वेळी अस्थिछेदनाचा सल्ला देतात. झीज पुढे गेली असल्यास या दोन्ही शस्त्रक्रियांचा विशेष उपयोग होत नाही.

यामुळे शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी आपल्या सांध्यातील उथळपणा किती आहे, हाडाचा दोष तसाच राहणार आहे काय आणि अपेक्षित आराम किती काळाचा आहे, या तीन गोष्टी रुग्णाने विशारदाकडून स्पष्ट करून घेणे हिताचे असते.